दोन पातेली मटकी

१४ नोव्हेंबर
फसली! सगळी मटकी फसली. भिजवायचं जस्ताचं पाणी जास्तच कडक झालं — मोड यायच्या जागी काळे ठिपके. सत्यभामाबाईंनी नाकाला पदर लावून पातेलं बाहेर नेलं. "बाई, अन्न हाय ते. कावून औषध पाजताव त्याला?"

वसतिगृहाचा स्वयंपाक त्यांच्याकडे, तेव्हा बोलायचा हक्क आहेच. पोरांचे आईबाप ऊसतोडीला गेलेत, पोरं इथं आमच्याकडे. पोटं भरतात, पण साधं खरचटलं तरी जखम चिघळत राहते. डॉक्टर म्हणाले, जस्त कमी पडतंय. गोळ्या पोरं थुंकून टाकतात. उसळ मात्र ताट चाटून खातात. म्हणून माझा हा उद्योग.

१७ नोव्हेंबर
पाणी बरंच पातळ केलं. बघू.

१९ नोव्हेंबर
जमलं! काय मोड आलेत — लांब, पांढरे, ताठ. स्वच्छ पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली, शिजवली, आधी मीच खाल्ली. चवीत काडीचा फरक नाही. आमच्या वडवणीच्या मटकीने माझी, विज्ञानाच्या बाईंची, लाज राखली.

२५ नोव्हेंबर
आज दोन पातेली — एक जस्ताच्या पाण्यातलं, एक साध्या. तुलनेला साधं हवंच. दोन्हींतली थोडी थोडी मटकी वाळवून एसटीने बीडला धाडली, प्रयोगशाळेतल्या त्रिंबक सरांकडे. उरलेली उसळीला. फरक दिसला तर तालुक्यातल्या सगळ्या वसतिगृहांसाठी सर शिफारस करणार आहेत. सगळ्या!

८ डिसेंबर
सरांचा फोन. हसत होते. "मॅडम, दोन्हींत जस्त सारखंच. तुमची साधी मटकी साधी न्हाई."

डोकं भणाणलं. सरळ स्वयंपाकघरात गेले. सत्यभामाबाई परात घासत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मीच वतलं ते पाणी दोन्हीत. एका पंगतीला बसायचं अन् एकाला सकस, दुसऱ्याला फुसकं? पाप लागतं बाई."

मी ताडताड बोलले. म्हटलं, हा भेद नाही, तुलना आहे.

"ते पोराच्या पोटाला कोण सांगणार?"

मी आणखीच चिडले. जस्ताची बाटली आता माझ्या कपाटात, कुलपात.

२२ डिसेंबर
नव्या नमुन्यांचा अहवाल आला. साध्या मटकीच्या तिप्पट जस्त! तिप्पट! सुंदरराव सरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, सगळ्यांसमोर सांगितलं, "प्रियदर्शनी मॅडमनी नाव काढलं." मला आभाळ ठेंगणं झालंय. पेढे वाटले. सत्यभामाबाईंनाही दिला, जरा ठसक्यातच दिला. "ग्वाड हाय," म्हणाल्या आणि कणीक मळायला लागल्या.

२ जानेवारी
त्रिंबक सर स्वतः आले. शिफारस करायला तयार आहेत, पण मटकीत जस्त असून भागत नाही, ते पोरांच्या रक्तात दिसलं पाहिजे म्हणतात. तेव्हा अट अशी — दोन महिने अर्ध्या पोरांना जस्ताची उसळ, अर्ध्यांना साधी. मग रक्त तपासायचं. बरोबरच आहे. शास्त्र असंच चालतं, वर्गात मीच तर शिकवते. मी लगेच हो म्हणाले. सगळा तालुका आता हाताच्या अंतरावर आहे!

संध्याकाळी चिठ्ठ्या टाकल्या. वसतिगृहातल्या स्वप्नाची चिठ्ठी साध्याची निघाली. तिच्या गुडघ्याची जखम अजून ओली आहे. दुसरी चिठ्ठी काढावीशी वाटली. नाही काढली.

३ जानेवारी
पंगत बसली. दोन्ही उसळी दिसायला सारख्याच, स्वप्नाला काय कळणार. सत्यभामाबाई वाढायला निघाल्या आणि मीच म्हटलं, थांबा. दोन्ही पातेली एकात ओतली.

शिफारस गेली. उद्यापासून साध्या पाण्यात मटकी भिजणार नाही, सगळ्यांना जस्ताचीच.