ह्यांचं झाड

ती. ताईस,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा नमस्कार, कारण त्यांचं आपसांत पटत नाही असं तू मागे लिहिलं होतंस. भावजींचा खोकला बसला असेल अशी आशा करते. आमच्याकडे सर्व क्षेम, म्हणजे तक्रार करण्याइतकी ताकद दोघांच्याही अंगात आहे.

मध्यंतरी दुकानात बूट घालून बघताना तुझी आठवण आली. शाळेच्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांना आपण रविवारी संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून ओला खडू लावायचो. तू माझेही बूट रंगवायचीस, कारण माझा खडू बुटाला कमी आणि फ्रॉकला जास्त लागायचा. मग ते उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात ठेवायचे, आणि पट्टा सरकला की बूट सरकवायचे. त्यानंतर इतकं सुख मला कुठल्याच बुटांनी दिलं नाही, आणि ह्या नव्या जोडीने तर मुळीच नाही. ही जोडी मी निसर्ग पाहण्यासाठी घेतली आहे. हसू नकोस, पुढे वाच.

चिरंजीवाने आमच्यासाठी त्याच्या घरी एक खोली रंगवून ठेवली आहे, हे तुला ठाऊक आहेच. दर आठवड्याला त्याचा फोन येतो, कधी येताय. मी म्हणते बाबांना विचार, बाबा म्हणतात आईला विचार, आणि तो बिचारा आमच्या दोघांमध्ये बॅडमिंटनच्या फुलासारखा हेलपाटे घालतो. शेवटी हे एकदा ‘बघू’ म्हणाले. (चहा घेणार का विचारलं तरी ‘बघू’ म्हणतात आणि कप रिकामा करतात.) म्हणजे ह्यांना जायचं आहे असं धरून मी डबे बांधायला घेतले आणि मी आनंदाने जाते आहे असं तुलाही कळवून टाकलं. पण मनाला स्वस्थता नव्हती. टेलिफोन खात्यात ह्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं जोडून दिलं, पण आमच्या घरापर्यंत लाइन कधी आलीच नाही. म्हातारपणी घर मोडायचं ते एका ‘बघू’वर, हे काही माझ्या पचनी पडेना. माणूस चालता चालता बोलतो असं कुठेसं वाचलं होतं. तेवढ्यात दोन चौकांपलीकडच्या उद्यानाच्या फाटकावर, त्या दाट झाडीच्या तोंडाशी, पाटी लागली: रविवारी सकाळी मोफत निसर्गफेरी.

मोफत म्हणजे काय ते ऐक. बूट दोन जोड, टोप्या दोन, पाण्याची बाटली आणि डासांचं मलम, एवढा खर्च करून आम्ही फुकटात पोचलो. आमचा मार्गदर्शक निवृत्त दातांचा डॉक्टर आहे. ह्या गृहस्थाला आयुष्यभर अशाच माणसांशी बोलायची सवय, ज्यांची तोंडं उघडी पण बोलती बंद. त्यामुळे तो प्रश्न विचारतो आणि उत्तराला जागाच ठेवत नाही. झाडाचं नाव विचारलं तर लॅटिन सांगतो, आणि आपण पुन्हा विचारलं तर तेच लॅटिन मोठ्याने सांगतो. पक्षी दाखवतो म्हणजे पक्षी नुकताच जिथून उडाला ती फांदी दाखवतो. झाडाच्या खोडावर बोटाने टकटक करून दुखतंय का पाहिल्यासारखा चेहरा करतो. कुत्र्याच्या छत्रीखाली काय आहे ते बघायला खिशातून दात तपासायचा तो दांडीचा छोटा गोल आरसा काढतो आणि सगळ्यांना पाळीपाळीने त्यात डोकवायला लावतो. (त्या आरशाने आजवर काय काय पाहिलं असेल ह्या विचाराने मी माझी पाळी सोडून दिली.) बाकीची मंडळी धन्य होऊन माना डोलावतात. एक बाई तर वाळलेल्या पानाला ‘किती सुंदर’ म्हणाल्या. त्यांच्या दारात हाच कचरा पडला असता तर झाडूवाल्याच्या नावाने शंख केला असता.

पण खरा कळस शेवटी होता. फेरी संपताना प्रत्येकाने आपलं एक झाड निवडायचं, त्याच्याजवळ उभं राहायचं आणि मनातलं काय असेल ते त्याला सांगायचं. दर रविवारी तेच झाड. मी माझ्या झाडाला सांगितलं, की तू गप्प राहा, मीही राहते. मग ह्यांच्याकडे पाहिलं. वाटलं, हे नखं बघत उभे असतील. तर ताई, हे बोलत होते. एका फांदी तोडलेल्या, पाठीत वाकलेल्या झाडाशी हात हलवून बोलत होते. मध्ये थांबून जणू त्याचं ऐकून घेत होते आणि पुन्हा बोलत होते. माझ्यासाठी ह्यांनी हात हलवला आहे तो फक्त स्टेशनवर, तोही गाडी सुटल्यावर. सवत निघावी तीही लाकडाची, हे माझ्या कपाळी होतं.

पुढच्या रविवारी मी माझं झाड सोडलं आणि ह्यांच्या झाडाशेजारचं धरलं, ह्यांच्या पाठीमागून. माझा देह तुला ठाऊक आहे. झाड जाडीला आपल्या जिन्याच्या कठड्याएवढं होतं. कशीबशी खोडाला चिकटून, डोळे मिटून (आपल्याला नको ते ऐकताना डोळे मिटले की पाप अर्धं होतं, अशी शाळेपासून माझी समजूत आहे) कान लावला. हे सांगत होते, की तिला मुलाकडे जायचंय, तिने डबेसुद्धा बांधले, आता मी काय बोलू. इथला न्हावी मला काही न विचारता केस कापतो. किराणावाला मला पाहिलं की पिशवी भरायला घेतो. तिथे सगळं तोंडाने सांगावं लागेल, आणि ते माझ्याच्याने ह्या वयात व्हायचं नाही. पण तिचा हिरमोड करवत नाही.

ऐकता ऐकता माझ्या बाहीत मुंगी शिरली. तेवढ्यात दंतवैद्य अख्खं लटांबर घेऊन मागे हजर. दबक्या आवाजात, म्हणजे रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा, म्हणाला, “आवाज करू नका. ह्या बघा, कशा एकरूप झाल्यात.” लोकांनी फोटो काढले. मुंगी कोपरापर्यंत आली तरी मी एकरूपच. एकीला तर माझ्या डोळ्यांत पाणी दिसलं, तेव्हापासून ती मला फेरीत पुढे चालायला लावते. दंतवैद्य नव्या लोकांना माझं उदाहरण देतो. म्हातारपणी ही अब्रू मिळवली.

आता घरी जाऊन ‘मी सगळं ऐकलं’ म्हणायची सोय नव्हती. चोरून ऐकणारी बायको म्हणून उरलेला जन्म काढायचा, त्यापेक्षा परवाच्या रविवारी मी त्याच काटकुळ्या झाडापाशी उभी राहिले आणि त्याला खणखणीत आवाजात सांगितलं, की मला कुठेही जायचं नाही. मुलाचा संसार त्याचा आहे. तिथे माझ्या हाताला चमचा सापडणार नाही आणि सापडला तर सुनेला राग येईल. डबे बांधले ते ह्यांना जायचं आहे असं वाटलं म्हणून. झाडाला ऐकू कमी येत असावं अशा बेताने मी ते दोनदा सांगितलं. शेजारच्या झाडाकडचं बोलणं थांबलं होतं.

परत येताना ह्यांनी विचारलं, “बूट चावतात का?” मी म्हटलं, “नाही.” संभाषण संपलं. पण संध्याकाळी स्वयंपाकघरात गेले तर हे डब्यांच्या सुतळ्या सोडत बसले होते. सगळे डबे फळीवर लावले, साखरेच्या जागी मीठ आणि मिठाच्या जागी साबणचुरा. मी एकही हलवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा खारट झाला, आणि आम्ही दोघांनी तो मुकाट्याने संपवला.

बाकी ही निसर्गफेरी म्हणजे निव्वळ थोतांड आहे. तुमच्याकडे कुणी काढली तर अजिबात जाऊ नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. : शुक्रवारी चिरंजीव आम्हाला न्यायची तारीख ठरवायला येतो आहे, आणि नेहमीप्रमाणे वाटेत आधी तुझ्याकडे उतरेल. त्याला तूच सांग. आम्ही सांगितलं असतं, पण तो समोर बसेल आणि मध्ये झाड नसेल. मावशीचं तो ऐकतो. आधी पोटभर जेवू घाल, मग सांग, आणि रागावून सांगू नकोस. भिंतींना त्याने स्वतःच्या हाताने पिवळा रंग दिला आहे.

ता. क. २ : आम्ही जाणार म्हणून मी जे वाटून टाकलं, त्याचं असं कर. शिवणाचं मशीन तुझ्या सुनेकडेच राहू दे, मला आता सुईत दोरा ओवता येत नाही. भावजींना दिलेली आरामखुर्ची मात्र चिरंजीवाच्या गाडीतून परत पाठव. ती ह्यांची आहे. मी ती देऊन टाकल्यापासून हे स्टुलावर बसताहेत आणि अर्थातच काही बोललेले नाहीत. भावजींना वाईट वाटलं तर ह्या पत्रासोबतच्या पार्सलात घातलेल्या दोन टोप्यांपैकी मोठी त्यांना दे.

आणि त्याच पार्सलात तळाशी पडदे आहेत, ते चिरंजीवाच्याच हातात दे. मशीन देण्याआधीच पिवळ्या खोलीच्या खिडकीच्या मापाचे शिवले होते, दुसऱ्या कुठल्याही खिडकीला ते बसायचे नाहीत.