माळाच्या गटावरचं नाव

४ मार्च, सोमवार
शाळा सकाळची झाली. घरी आले तर दोरीवरच्या साडीवर थर्मल वीजकेंद्राची राख. पुन्हा धुवावी तर टँकर चार दिवसांनी. झटकली आणि नेसले.

दत्ताचा फोन. धाकटा असला तरी माहेरचा कारभारी तोच, बोलणं कायम घोड्यावर बसून. सोसायटीला आपल्या माळावर जनावरांची छावणी काढायचीय. आजूबाजूच्या विहिरी आटल्या, माळावरच्या आपल्या विहिरीला तेवढं पाणी आहे. संमतीसाठी तलाठ्यानं सातबारा काढला. मालक म्हणून आजोबा नाहीत, बाबा नाहीत, दत्ताही नाही. ‘गोदाबाई भ्र. बापूराव.’ भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा. बापूराव आमचे आजोबा. पण आमची आजी तर पार्वती! मग ही गोदाबाई कोण?

“ताई, तू शिकलेली हायस, कागद तूच बघ. मला टाइम न्हाई.”
गरज पडली की आठवतं यांना माझं शिक्षण.

६ मार्च, बुधवार
तिसरीच्या वर्गात फळ्यावर गणित लिहायला गेले आणि ‘गोदाबाई’ लिहिलं. पोरं खिदळली. पुसलं.

बाबांना कसं कळलं नाही? सोसायटीची सगळी कामं काळ्या रानाच्या उताऱ्यावर व्हायची. माळ म्हणजे नुसता मुरूम, त्याचा उतारा काढतंय कोण? विहिरीला पाणी लागलं ते बाबांच्या शेवटी शेवटी. तेव्हाही कागद कुणी बघितला नाही. आपलंच रान, त्यात बघायचं काय!

काळ्या रानात माझंही नाव होतं. बाबांच्या वर्षश्राद्धानंतर दत्तासाठी हक्कसोड केली. दत्तानं हिरवी साडी दिली, वहिनीनं ओटी भरली, मी सही केली. सगळ्याच बहिणी करतात.

११ मार्च, सोमवार
रजा टाकून पाटोद्याला, तहसिलात. रेकॉर्डवाल्यानं दोन तास बसवून ठेवलं. शेवटी मी मास्तरणीच्या आवाजात बोलले, मग उठला. जुना फेरफार सापडला. ‘माळाचा गट पत्नी गोदाबाई हिचे नावे.’ पत्नी, पण पत्ता नांदूरघाटचा! सोबतच्या अर्जावर तिचा अंगठा. साक्षीदार सखाराम नाना, आमच्या गावचे. अजून आहेत. तशीच गावाकडची जीप धरली.

नाना पारावर बसलेले. कान गेलेत, डोकं शाबूत.
“आगं, सीलिंग आल्तं तवा. जादा रान सरकार घेनार म्हनून समद्यांची पळापळ. तुझा आजा लई बेरकी. पयल्या बायकूला पोरगीच झाली म्हनून फारकत दिल्ती. तिलाच बोलावलं आन माळ तिच्या नावं चढवला. कागदावर तिचं घर येगळं, मंग रान बी येगळं.”
“मग परत का नाही करून घेतला?”
“मुरूम कोन परत मागतंय?”
“तिला काय दिलं?”
“एक लुगडं.”
नाना हसले. माझ्या डोळ्यापुढं माझ्या कपाटातली हिरवी साडी आली.

म्हणजे आजीच्या आधी या घरात एक बाई नांदून गेली आणि तिचं नाव कुणी तोंडातून काढलं नाही. सातबाऱ्यानं तेवढं जपलं.

दत्ताला सांगितलं. तो: “मंग वारस हुडक. छावणीच्या कागदाबरोबर हक्कसोडीवर बी अंगठा घिऊन ये, म्हंजे मिटलं.” आणि वर, “लई वाचून दाखवत बसू नको.”

१७ मार्च, रविवार
नांदूरघाट. पिशवीत तीन कागद: छावणीची संमती, वारसाच्या नोंदीचा अर्ज, हक्कसोड.

गोदाबाई जाऊन बरीच वर्षं झाली. लेक आहे, कौसल्याबाई. म्हणजे बाबांची सावत्र बहीण, माझी आत्या! सत्तरी ओलांडलेली, शेळीला लिंबाचा पाला घालत होती. नाक थेट बाबांचं. दारातच थबकले.

“कोनाची गं तू?”
सांगितलं. हातातला पाला शेळीपुढं टाकला. मग तांब्या पुढं केला. “पानी पी आदी.”

उतारा वाचून दाखवला. म्हणाली, परत वाच. परत वाचला. तिसऱ्यांदा नावावर बोट ठेवून दाखवलं, तर कागद अगदी डोळ्यांपाशी नेला. वाचता येत नाही.

“माय मरस्तोवर म्हनायची, पाटोद्याकडं माझ्या नावावर रान हाय. गाव हसायचं. पोरं तिला जमीनदारीन म्हनून चिडवायची. मी बी म्हनायचे, गप गं माय, लाज आनू नको. डोक्यावर परिनाम झालाय म्हनून ताईत बांधला मी तिला. मी!”
मला रडू आवरेना. ती रडली नाही.

छावणीच्या कागदावर लगेच अंगठा दिला. “जनावरांनी काय केलंय कुनाचं?” मग हक्कसोडीकडं बोट: “आन ह्ये?” वाचलं. शब्द न शब्द वाचला. गाळता आला असता.
“ठिव पिशवीत.” मग एकदम, “तुझं नाव हाय का गं तुझ्या बापाच्या रानावर?”
“होतं. सोडलं.”
“कावून?”
पिशवी उचलली. एस.टी.त बसल्यावरही तेच कानात. कावून?

१९ मार्च, मंगळवार
दत्ता फोनवर ओरडला. “वाचून दाखवायचं कुनी सांगितलं व्हतं?”
“मास्तरीण आहे मी. वाचूनच दाखवणार.”
“सोन्यासारखी हिर हाय तिथं! बापानं हाडाची काडं करून खांदली. कुठली कोन म्हातारी. तुला माहेर ठिवायचंय का न्हाई, तेवढं सांग.”
फोन ठेवला त्यानं. आमचे हे म्हणतात, तू यात पडू नको. मी म्हटलं, मी त्या दिवशी सही केली तेव्हाच पडले. हे पेपरात तोंड घालून बसले.

भीती वाटते, खोटं कशाला बोलू? दिवाळीला जायचं म्हटलं तर ते एकच दार आहे.

२४ मार्च, रविवार
छावणी बघायला गेले. दत्तानं बघून न बघितल्यासारखं केलं. उन्हात स्वतः हौद भरत होता, कुणाच्या गाईला आधी, कुणाच्या मागून, असली भांडणं सोडवत होता. तळहाताला फोड. वाईट नाही तो. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

घरी वहिनीनं चहा दिला. निघताना हळूच, “म्हातारी दिसायला कशी हाय वो?” बाबांसारखी, म्हटलं. पदर तोंडाला लावून आत गेली.

परतताना आत्याचा फोन, शेजारणीच्या मोबाइलवरून. “येते पाटोद्याला. पन अंगठा न्हाई लावनार. मला सही शिकीव.”
“कशावर करायची?”
“ते मी बघते. तू शिकीव.”
दत्ताला कळवलं, ती येतेय. एक तारखेचा सोमवार ठरला. तो खूश, सही म्हणजे हक्कसोडीवरच असं धरून चालला. मी काही बोलले नाही. म्हणजे त्यालाही फसवलं का मी?

२९ मार्च, शुक्रवार
सुट्टी. पाटी-पेन्सिल घेऊन नांदूरघाट. सकाळपासून दुपार. ‘कौ’चा काना कुठं, ‘ल्या’ जोडायचा कसा. बोटं वाकत नाहीत, पण हट्टी. चुकलं की थुंकी लावून स्वतःच पुसते. शेवटी आलं. कौसल्या.
“फुडं कुनाचं लावू? बापाचं?”
वारसाच्या अर्जात बापाचंच लागतं, म्हटलं.
“सही माझी हाय का अर्जाची?” ‘गोदाबाई’ शिकायला आणखी दोन तास.

मग पाटी माझ्याकडं सरकवली. “आता तुझी दाखीव.”
केली. सरावाची, झोकदार, शेवटी फाटा.
“चांगली हाय की! येवढी चांगली सही आन रान सोडायच्या कागदावर केलीस व्हय?”
पाटी मी पुसली नाही. दोघींच्या सह्या तशाच ठेवून निघाले.

घरी येऊन बसते तोच दत्ताचा फोन, आवाज मऊ. “ताई, आत्यासाठी लुगडं घेतलंय. हिरवं. तू बी आपली ती हिरवी नेसून ये, बरं दिसंल.”

कपाट उघडलं. माझी साडी आहे. घडीसुद्धा मोडलेली नाही. पिशवीत दोन कागद, वारसाचा अर्ज आणि हक्कसोड, दोन्ही बिनसहीचे. सोमवारी सकाळी सातला जीप येईल. आधी आत्याला घ्यायचं, मग पाटोदा.

साडी काढली, आत ठेवली. पुन्हा काढली. खुर्चीवर पडलीय.