एक खाडी पुढे

अण्णा,

रेवदंड्याच्या खाडीवर आता पूल झालाय. साळावला जायला होडी लागत नाही, भरतीची वाट बघावी लागत नाही. परवा नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून मी तो पूल ओलांडला आणि मधोमध त्याला थांबायला सांगितलं. खाली पाणी उतरत होतं, कडेचा चिखल उघडा पडत होता. नातू म्हणाला, "आजोबा, पणजोबा इथूनच गेले ना, फटफटी होडीत घालून?" पणजोबा! अरे, मीही गेलो होतो, त्याच फटफटीवरून, आणि त्यांच्यापेक्षा पुढे गेलो होतो. पण हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत त्याने गाडी सुरूसुद्धा केली होती. तुम्हाला जाऊन पन्नासाच्या वर वर्षं झाली, मी सत्तरी ओलांडली, आणि अजून तुमच्यावर जळतो. मेलेल्या बापावर जळणारा म्हातारा म्हणजे हसण्याचीच गोष्ट. घरात कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हालाच लिहायला बसलोय.

सुरुवात कुठून झाली ते मला पक्कं आठवतं. आत्याच्या मुलीचं लग्न, रत्नागिरीला. घरातले सगळे आगबोटीने निघालो आणि तुम्ही मात्र हट्टाने एकटे फटफटीवरून. गिरण्यांची इंजिनं दुरुस्त करता करता मुंबईच्या कुणा साहेबाची ती जुनी गाडी तुमच्या हाती आली होती आणि तिच्यावरून अलिबाग ते रत्नागिरी गेल्याशिवाय तुम्हाला चैन पडणार नव्हती. मी सहा-सात वर्षांचा असेन. बोटीत ओकून ओकून अर्धमेला झालो होतो. लग्न लागलं, पंगती उठल्या, वरात गेली, तरी तुमचा पत्ता नाही. आई कुणाशी बोलेना. आणि मग एका दुपारी आत्याच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारात तुम्ही उभे. डोक्यापासून पायापर्यंत लाल धूळ, फक्त चष्म्याच्या जागी दोन गोरे गोल. आत्या आधी ओरडली, मग रडली, मग पाट मांडला. तुम्ही जेवताय आणि सगळं घर तुमच्याभोवती गोळा झालंय. खाडीत होडी कशी कलली, गाडीचा चामडी पट्टा श्रीवर्धनला कसा तुटला, बाणकोटच्या अलीकडे पेट्रोल संपल्यावर गाडी ढकलत कशी आणली, तुम्ही सांगताय आणि आई वाढता वाढता डाव हातात धरून तशीच उभी राहिलीय. तिने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. माहेरी परतलेली नवी नवरीसुद्धा माजघरातून येऊन दाराआडून ऐकत होती. जेवण झाल्यावर तुम्ही खिशातून गाडीचा एक जळका प्लग काढून माझ्या हातावर ठेवलात. "हा घे. यानेच मला रत्नागिरी दाखवली." मला भोवरा हवा होता, अण्णा.

घरी परतल्यावर एकदा मी पडवीत त्या गाडीवर चढून बसलो होतो. तोंडाने फटफट आवाज काढत होतो, बहुतेक रत्नागिरीच्या जवळपास पोचलो असेन. तुम्ही बाहेरून आलात. मारलं नाहीत, आवाजही चढवला नाहीत. "उतर. बसायचं असेल तर स्वतःची घे," एवढंच म्हणालात. तुमच्या दृष्टीने तिथेच विषय संपला असेल. मी मात्र ते वाक्य कित्येक वर्षं चघळत बसलो.

पुढे तुम्ही गेलात. तुमचीच हत्यारं घेऊन मी तुमच्याच गिरण्यांची इंजिनं खोलायला लागलो. काम मला येत होतं. पण मी इंजिन चालू करून दिलं की गिरणीवाला म्हणायचा, "शेवटी हात कुणाचा!" चूक झाली तर माझी, बरोबर आलं तर तुमचा हात. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तर तिच्या मामांनी मला काय काम करतोस हे विचारलंच नाही. ते विचारत होते, "फटफटीवाल्या अण्णांचे चिरंजीव ना हे? तेच का हो, रत्नागिरीला गेलेले?" मुलगी मला आवडली होती, लग्नही झालं, पण त्या पहिल्या चहाच्या कपापासून माझ्या मनात एकच घोळत होतं. तुम्ही रत्नागिरीला थांबलात. गावालगतची सोडली तर त्याच्या पुढची मोठी खाडी पूर्णगडची. तुमच्या पुढे एक खाडी गेलो की निदान तिथे तरी मी मी असेन, कुणाचा तरी मुलगा नसेन. दुसरं काही मला नको होतं. स्वतःची गाडी घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून तुमचीच गोणपाटाखालून काढली आणि महिनाभर खपून चालू केली. सगळ्यात जास्त तेच टोचत होतं.

निघालो त्या दिवशी आईची संकष्टी होती. तिने दशम्या बांधून दिल्या आणि म्हणाली, "जपून जा. ते गेले तेव्हा इतकी भीती वाटली नव्हती मला." म्हणजे तिथेही तुम्ही पहिले! चौलच्या अलीकडेच हवा जाऊन चाक बसलं, रेवदंड्याला पोचेपर्यंत जेवणवेळ टळून गेली. खाडीवरच्या होडीच्या तांडेलाने गाडी बघितली मात्र, ताडकन उठला. "तू अण्नांचा पोर ना? थांब, फल्या काढतो." आणि खोपटातून दोन लांब फळ्या घेऊन आला. तुम्ही गेलात तेव्हा होडी आणि धक्का यांच्यामध्ये चिखल होता, तो ओलांडायला तुम्ही कुणाच्या तरी घराचं दार उभं चिरून घेतलं होतंत म्हणे. त्या फळ्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. बैल, पिठाची पोती, नव्या नवरीची पेटी, सगळं त्यांच्यावरून चढायचं. त्यांना नावच पडलं होतं, अण्णांच्या फळ्या.

मी म्हटलं, फळ्या नकोत. आज चतुर्थी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे तुम्हीच मला शिकवलेलं. म्हणजे तीन वाजता खाडी पुरी भरणार, होडी थेट साळावच्या दगडी धक्क्याला लागणार, फळ्यांचं काम काय? तांडेल पाण्याकडे बघून म्हणाला, "पानी फिरल्यासारखा वाटतंय रे." मी म्हटलं, "घरी आईचा उपास आहे, मला तिथी शिकवू नका." तो खांदे उडवून म्हणाला, "तुजी गाडी, तुजी मर्जी." आणि आम्ही निघालो. माझी चूक कुठे झाली ते तुमच्या तेव्हाच लक्षात आलं असतं. संकष्टी चंद्रोदयाच्या चतुर्थीवर धरतात. दुपारी अजून तृतीयाच चालू होती. म्हणजे भरती सव्वादोनलाच होऊन पाणी उतरणीला लागलं होतं. साळावचा धक्का समोर दिसत असताना होडी चिखलात रुतली. मला थांबवत नव्हतं. मी गाडी उचलून खाली घेतली आणि ती चाकांच्या वरपर्यंत आत गेली, मी मांडीपर्यंत. धक्क्यावर माणसं जमली. एक म्हातारी कोळीण ओरडली, "अरे, बापूस फल्या ठेवून गेला नी पोर चिखलान लोलतंय!" सगळी खाडी हसली. तांडेल हलकी झालेली होडी ढकलून परत गेला, चिखल तुडवत त्या फळ्या घेऊन आला, आणि शेवटी तुमच्या फळ्यांवरूनच गाडी वर आली. मला तेव्हा इतकं रडू येत होतं की मी तोंड धुतोय असं दाखवत पाण्याशी वाकून बसलो.

पुढेही तेच. दिघीला गाडी उतरवून श्रीवर्धनला पोचलो आणि तुमच्यासारखाच पट्टा तुटला. चांभाराने तो हातात घेऊन उलटसुलट केला. "हा टाका माजाच हाय. तुज्या बापाला शिवून दिल्ला." नवा टाका घातला आणि मजुरी घेईना. म्हणाला, अण्णांनी जाताना त्याच्या पोराला गाडीवर बसवून गावभर फिरवलं होतं. त्याच्या पोराला! मी तिथे रस्त्यात उभा राहून त्या अनोळखी पोरावर जळलो, अण्णा. तोही आता बाप्या झाला असेल, त्यालाही मिशा आल्या असतील, पण मला दिसत होता तो तुमच्या पुढ्यात टाकीवर बसलेला. मला मात्र म्हणे स्वतःची घे. बाणकोटची खाडी ओलांडली, गाडी तापून दोनदा बंद पडली, एका उतारावर पडून कोपर फुटलं. जिथे थांबलो तिथे पाणी मिळालं, गूळ मिळाला, झोपायला ओटी मिळाली, आणि सगळं तुमच्या नावाने मिळालं. मी तुमच्याच पुण्याईवर तुम्हाला मागे टाकायला निघालो होतो.

रत्नागिरीत आत्याने दार उघडलं. तेच स्वयंपाकघर, तोच पाट, आता आत्याचे केस पांढरे. मला वाटलं, इथे तरी. ती मला न्याहाळत राहिली आणि म्हणाली, "अण्णा आला होता तेव्हा ओळखू येत नव्हता रे धुळीनं. तू तर बराच स्वच्छ दिसतोस." मी दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो.

पूर्णगडच्या खाडीशी पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. होडीवाल्याने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कुणाचा कोण हे विचारलंच नाही. नुसतं म्हणाला, "ह्ये होडीत घालायचं म्हन्ता?" चार माणसं आली, कुणी चाक धरून 'पाय धरले' म्हणत हसलं, कुणी भोंगा वाजवून बघितला. मी त्यांना रस्त्यातल्या फजित्या सांगत होतो, रेवदंड्याच्या चिखलाचीसुद्धा, आणि ते माझ्यावर हसत होते, फक्त माझ्यावर. गाडी चढली. होडी मध्यावर आली तेव्हा होडीवाला वल्हं मारता मारता म्हणाला, "आमच्या खाडीत असली गाडी कोनी आनली न्हवती. पयले तुमीच."

हेच ऐकायला मी आलो होतो. आई, बायको, गिरण्या सोडून, चिखल खाऊन, कोपर फोडून याच्यासाठीच आलो होतो. खिशात तुमचा तो जळका प्लग होता, त्याच्यावर माझा हात होता. आणि मी म्हणालो, "नाही हो. पहिले माझे वडील. फार वर्षं झाली. या खाडीतून ते एकटे गेले होते."

का म्हणालो, ते मला आजवर कळलेलं नाही. त्या पाण्यावर तुम्ही नव्हतात, एवढं मात्र मला सहन झालं नाही. होडीवाल्याने थोडा विचार केला. "हां," म्हणाला, "आमचा म्हातारा काय तरी सांगायचा खरा." पलीकडे उतरलो, जरा वेळ वाळूत बसलो आणि त्याच होडीने परत फिरलो. घरी सांगितलं, रत्नागिरीपर्यंत गेलो.

पुढे कधीतरी एका मुंजीत पूर्णगडचे एक गृहस्थ शेजारी पानावर बसले. माझं गाव ऐकून म्हणाले, "तिकडचेच ना ते फटफटीवाले? आमच्या खाडीतून गेले होते. रेवदंड्याला चिखलात कसे रुतले होते ते त्यांनी असं सांगितलं म्हणे, होडी उलटायची वेळ आली हसून हसून." माझा चिखल, अण्णा! माझी फजिती, माझं हसू, सगळं तुम्ही घेतलंत, आणि मी त्या गोष्टीत नावालाही उरलो नाही. मी मान हलवली आणि म्हणालो, "हो, माझे वडील ते."

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? घडी करून त्या प्लगजवळ ठेवून देईन. पुलावर नातवाला सांगायचं राहिलं ते आता सांगेन असं वाटत होतं, पण नाही सांगणार. पूर्णगडला तुम्ही कधी गेलाच नव्हतात, हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. आता तुम्हाला माहीत झालं. तुम्हीही कुणाला सांगू नका.