बेसमेंटमधली घंटा

सिस्टर, नागपूरच्या शाळेत तुम्ही आमच्याकडून साऱ्या जगाच्या लढाया घोकून घेतल्यात, पण तुमच्याच डॉमिनिकन संघातल्या बायका एकोणिसाव्या शतकात कशा भांडल्या, याचं अवाक्षर काढलं नाहीत. कमाल केलीत! मी आता रिटायर झालेय आणि दर गुरुवारी इथे अमेरिकेत, नेपरव्हिलजवळच्या एका डॉमिनिकन मठात जुन्या वह्या स्कॅन करते. तिथे सगळं सापडलं. या बायका युरोपातून आल्या त्या जगापासून दूर, मठाच्या जाळीआड राहून प्रार्थना करायला. इथल्या बिशपनी फर्मावलं, शाळा काढा. निम्म्या म्हणाल्या काढू, निम्म्या म्हणाल्या जाळी सोडणार नाही. वर्षभर धुसफूस चालली आणि एका सकाळी शाळावाल्या घोडागाडीत बसून चालत्या झाल्या. जाताना मठाची घंटा घेऊन गेल्या.

आता गंमत बघा. मठाचा नियम असा की घंटेशिवाय जेवायला बसायचं नाही आणि जेवण होईपर्यंत बोलायचं नाही. मागे राहिलेल्या बाराजणी जेवणघराच्या दाराशी रांगेत उभ्या. घंटा होईना, 'चला' म्हणायची सोय नाही. सूप गारढोण झालं. शेवटी मदरनी पातेल्यावर पळी आपटली, तेव्हा कुठे घास मिळाला. तिकडे शाळावाल्यांकडे घंटा होती, पण ती वेळेवर वाजवणारी सिस्टर इकडेच राहिलेली. त्या रोज प्रार्थनेला उशिरा! मी खो खो हसले, तशी तिथली म्हातारी सिस्टर म्हणाली, "पुढचं पान वाच." पुढच्या पानावर होतं की घंटा तीस वर्षांनी परत आली. तोवर इथल्या बाराजणींतली एकच उरली होती, आणि तिला ऐकू येत नव्हतं.

माझं हसू तिथेच आटलं. कारण आमचं इथलं मराठी मंडळही फुटलंय, सिस्टर. गणपती तिथीला बसवायचा की वीकेंडला, यावरून. मी तिथीवाली, माझी वीस वर्षांची मैत्रीण वीकेंडवाली. रागाच्या भरात मी आरतीची घंटा उचलून माझ्या बेसमेंटमध्ये ठेवली. ते वीकेंडवाले स्टीलच्या ताटावर चमचा बडवतात. आमच्याकडे घंटा आहे, पण आरत्या त्या मैत्रिणीलाच पाठ. आम्ही दुसऱ्या कडव्यापासून नुसते गुणगुणतो. दोन वर्षं आम्ही बोललो नाही, आणि येत्या शनिवारी ती कायमची मुलाकडे लांब रेडमंडला चाललीय. लेक म्हणाली, "मॉम, जस्ट गिव्ह इट बॅक!" मी म्हटलं, "आधी तिनं फोन करावा." मेला माझा हट्ट.

काल तिच्याकडे गेले. डोअरबेल दाबलीच नाही, दारात उभी राहून घंटाच वाजवत सुटले. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. दार उघडून ती म्हणाली, "बास गं बाई, बहिरी नाही झाले अजून! ये आत, चहा टाकते." मग चहा राहिला बाजूला, दोघीही रडलो.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र मी टाकणार तरी कुठे? पण एक सांगायचं राहिलंय. सहावीत मला बडबडी म्हणून वर्गाबाहेर उभं केलंत, त्याच दिवशी शाळेची घंटा हरवली आणि तुम्ही महिनाभर पट्टीनं टेबल बडवून शाळा सोडत होतात. आठवतं? ती माझ्या माहेरी माळ्यावर आहे.