सध्याचा पत्ता

१९ सप्टेंबर, गुरुवार

शिरूर कासारला पोचले. पितृपंधरवड्यात नव्या कामाला हात घालू नये, असं आईचं म्हणणं होतं. मी तिला म्हटलं, निवडणूक काही पितर जेवून जाईपर्यंत थांबत नाही. खोली खताच्या दुकानावर आहे. युरियाचा वास येतो, पण खिडकी मोठी आहे. घरमालकीण मुक्ताबाईंनी आल्याआल्या दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली, आणि लग्न अजून कसं झालं नाही, हेही विचारून घेतलं. ज्या नेत्याच्या प्रचाराला आले, त्याच्या संघटनेचं ऑफिस समोरच आहे. तालुक्याचं काम बंकटराव बघतात. गडी बोलका आहे. महिलांचा गट मी उभा करायचा. सव्विसाव्या वर्षी माझ्या नावापुढे 'संघटक' लागलं. मंजुषा, संघटक, असं आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं.

२३ सप्टेंबर, सोमवार

सगळं काम मोबाईलमधल्या ॲपवर चालतं. प्रत्येक बाईची एक नोंद. नाव, मतदारयादीतला क्रमांक, घरातली माणसं, प्रत्येकाचा सध्याचा पत्ता, आणि शेवटी 'टीप' नावाचा मोठा रकाना. गट तयार करताना ॲपने विचारलं, संलग्न गटांना काय दाखवायचं, फक्त आकडा की पूर्ण नोंद? संलग्न म्हणजे आपल्याच नेत्याचे बाकीचे गट, सगळी घरचीच माणसं, असं बंकटरावांनी सांगितलं. मी 'पूर्ण नोंद' निवडलं. अर्धवट काही ठेवायचं नाही, ही माझी शाळेपासूनची खोड.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

वस्त्यांवर फिरते आहे. दसरा झाला की इथली निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला निघतात, म्हणून आत्ताच गाठायला हवं. बायका आधी दारातूनच उत्तरं देतात, मग चहा होतो, मग मनातलं बाहेर येतं. कुणाचं गर्भपिशवीचं ऑपरेशन, कुणाच्या नवऱ्याची दारू. मी खोलीवर येऊन सगळं टीपमध्ये भरते. एकही रकाना रिकामा नाही. बंकटराव म्हणाले, अशी नोंद उभ्या जिल्ह्यात कुणाची न्हाई. दिवसभर मी हवेत होते.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

वस्तीवरच्या वनमालाकडे तिसऱ्यांदा गेले. तिची तेजश्री पंधराची आहे, दहावीत. वनमालाचा नवरा भारत आणि ऊसतोड टोळीचा मुकादम रामेश्वर यांनी पोरीचं लग्न ठरवलंय, मुकादमाच्या पुतण्याशी, दसऱ्यानंतर दोन दिवसांनी. नवरा-बायकोच्या जोडीला इथे एक कोयता म्हणतात. लग्न लागलं की टोळीत एक कोयता वाढतो. वनमालाने पोरीला गुपचूप पालीला बहिणीकडे, दगडाबाईकडे, पाठवून दिलंय. मला म्हणाली, म्याडम, मी चवदाव्या वर्षी उसाच्या फडात गेलते, लेकीला न्हाई जाऊ देणार. कुणाला बोलू नका. मी तिचा हात हातात घेतला आणि शब्द दिला.

कुणालाही बोलले नाही. तेजश्रीपुढे 'सध्याचा पत्ता' रिकामा दिसत होता, तेवढा भरला. टीपमध्ये लिहिलं, लग्न टाळण्यासाठी मावशीकडे ठेवली आहे, मदत हवी. मदत हवी, असं लिहिताना मला फार बरं वाटलं होतं.

९ ऑक्टोबर, बुधवार

काल भरदुपारी रामेश्वर मुकादमाची जीप पालीला गेली. कुणाला काही न विचारता सरळ दगडाबाईच्या दारात. तेजश्री धरणाकडे धुणं घेऊन गेली होती. जीप बघून तिथूनच पळाली. कुठे गेली कुणाला माहीत नाही. दगडाबाई त्यांना आडवी गेली, त्या झटापटीत तिचा हात मोडला.

वनमाला आज माझ्या खोलीवर येऊन रडली. तिला खात्री आहे की दगडाबाईनेच तोंड उघडलं. म्हणाली, म्हाईत व्हतं ते तिला, मला आन् तुमाला. तुमी तर आमच्यासाठीच आल्यात. आता त्या बहिणीचं तोंड बघणार न्हाई.

मी तिला पाणी दिलं. दगडाबाईचा दोष नसेल, एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

बंकटरावांना विचारलं. त्यांना यात विचारण्यासारखं काय आहे, तेच कळेना. म्हणाले, मुकादमांचाही गट हाय की, ऊसतोड संपर्क गट, आपल्या गटाला संलग्नच हाय. इकडचं तिकडं दिसणारच, त्याचसाठी तर ॲप हाय. त्यांनी स्वतःच्या मोबाईलवर उघडून दाखवलं. माझंच वाक्य. लग्न टाळण्यासाठी मावशीकडे ठेवली आहे. खाली बारीक अक्षरात, नोंद करणारी व्यक्ती: मंजुषा.

पिशवीची ऑपरेशनं. दारू. दोनशे अकरा बायका. सगळं तिथे.

मी नोंदी पुसल्या. ते हसले. तुमच्याकडच्या गेल्या, त्यांच्याकडच्या त्यांच्याकडंच राहत्यात, म्हणाले.

नोकरी सोडते, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. चहा आला. चहा घेतला.

१२ ऑक्टोबर, दसरा

वनमालाने सोनं दिलं आणि माझ्या पाया पडायला वाकली. माझ्या! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेजश्रीचा फोन आला होता. एका ओळखीच्या बाईच्या शेतावर आहे, कापूस वेचते. गावाचं नाव वनमालाने माझ्या कानात सांगितलं. भारत तिला दाराबाहेर पडू देत नाही, म्हणून कपडे आणि शाळेचे कागद मी पोचवायचे.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी हो म्हटलं. वाटलं, पोरीला भेटून तिच्यासमोर कबूल करेन, ते सोपं जाईल.

गावाची नोंद कुठेही केलेली नाही. इथेही लिहीत नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार, दुपारी

आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपीत, बसले आहे. तेजश्री समोर भाकरी खातेय. वेचणीच्या बायका वावराच्या पार टोकाला. पोरगी लहान दिसते, वाटलं होतं त्याहून लहान. मावशी असं का म्हणून वागली, असं विचारत होती. सांगणारच होते.

मोबाईल वाजला. संलग्न गटाचे चार सदस्य तुमच्या जवळ आहेत. अंतर ३.२ किमी.

मी काहीच भरलं नव्हतं. काहीच नाही. ॲप उघडून पाहिलं. 'कार्यकर्ता सध्या येथे' — नकाशावर हे शेत. हा आखाडा. माझं नाव.

'पूर्ण नोंद' मीच निवडलं होतं, त्यात मीही दिसते —

बंद केला. पुन्हा लावला, बघवत नव्हतं तरी. २.१.

पळ म्हणायचं. एवढंच. पण ती विचारेल, त्यांना कसं कळलं. मग सगळं — मावशीचा हात, आईने तोडलेली बहीण — आणि ही माझ्याकडे बघेल. तोंडाने बोलवेना म्हणून लिहितेय. लिहून झालं की सांगते.

ती हसून म्हणतेय, तुमी आल्यात तर भ्याव न्हाई वाटत.

०.९.

लाज — त्या जीपपेक्षा मला हिच्या डोळ्यांची —

धूळ दिसतेय. ती पाठमोरी बसलीय, तिला दिसत नाही. एक भाकरी मला ठेवलीय. आता सांगते. हे वाक्य झालं की —

तेजश्री, अगं, मीच