अर्ज क्रमांक १३७

३ सप्टेंबर
आजपासून मी फिजिओथेरपीच्या प्रवेश समितीचा अध्यक्ष. डीनबाई म्हणाल्या, यंदा ओहायोतल्या साध्यासुध्या घरांतली मुलं आत आली पाहिजेत. येतील की! मी मुळातच मोठ्या मनाचा. पहिला संकल्प: अर्जांवरची नावं झाकायची, फक्त क्रमांक ठेवायचे. म्हणजे माझ्या हातून पक्षपात होणार नाही. एरवीही होत नाहीच.

५ सप्टेंबर, सकाळ
उजवा खांदा आखडलाय. हात कानाच्या वर जात नाही. विभागाच्याच क्लिनिकमध्ये गेलो. तिथे रोझाल्बा अकरा वर्षं मदतनीस आहे, पेशंटना उठवते, चालवते. तिने हात असा फिरवला की डोळ्यांत पाणी आलं. पण दोन इंच वर गेला. म्हणाली, सर, संध्याकाळच्या वर्गांतून पदवी घेतली, यंदा तुमच्याकडे अर्ज भरतेय. केमिस्ट्रीचा कोर्स नऊ वर्षांपूर्वीचा आहे, दहा वर्षं झाली की तुमच्या नियमाने बाद. यंदा नाही तर कधीच नाही. मी म्हटलं, बिनधास्त भर, दार मी स्वतः उघडलंय.

१९ सप्टेंबर
समितीची बैठक. ओडेलबाई (निवृत्त थेरपिस्ट, जीभ अजून नोकरीत) म्हणाल्या, क्लिनिकमधल्या दोनशे तास बिनपगारी निरीक्षणाची अट काढून टाका. ज्याला घर चालवायचंय तो दोनशे तास नुसता उभा राहून बघणार कधी? मुद्दा उत्तम. नोंदवून घेतला. अट ठेवली. तळमळ मोजायला काहीतरी हवंच ना! पगार घेऊन केलेलं काम म्हणजे तळमळ नव्हे. उरलेला वेळ 'सर्वांचं स्वागत' या पोस्टरच्या रंगावर गेला. डोनट बरे होते.

१० नोव्हेंबर
एकशे सत्तर अर्ज. झपाट्याने वाचतोय.
८८: वडील सर्जन, वडिलांच्या मित्राच्या क्लिनिकमध्ये २४० तास निरीक्षण, शिवाय थायलंडात हत्तींची सेवा. वा!
१३७: निरीक्षणाचे तास शून्य. निबंधात म्हणे, अकरा वर्षं माणसं उभी केली. एका गृहस्थांचा हात दोन इंच वर आणलाय, उरलेलाही आणेन. कोण बिचारे गृहस्थ! उगाच पाल्हाळ. बाद.

९ डिसेंबर
नावं उघडली. १३७ म्हणजे रोझाल्बा.
दुपारचं जेवण गेलं नाही. ओडेलबाई म्हणाल्या, यादी अजून गेलेली नाही, तिला आत घेणं अध्यक्षांच्या एका सहीचं काम आहे, करून टाका. करणारच होतो. पण ओळखीच्या माणसाला आत घ्यायचं, हाच तर पक्षपात! मग नावं झाकली कशाला?

१० डिसेंबर
सही केली नाही. यादी गेली. तत्त्वाची किंमत मोजावी लागते. मला फार त्रास झाला.

१४ डिसेंबर
क्लिनिक. रोझाल्बाने खांदा नेहमीसारखाच हाताळला. हात कपाळापर्यंत आला. शेवटी एवढंच म्हणाली, सर, ती निरीक्षणाला येणारी मुलं आहेत ना, त्यांनी कुठे उभं राहायचं ते अकरा वर्षं मीच दाखवतेय. आणि टॉवेलची घडी घालत बसली.
वाईट वाटलं. खरंच वाटलं. संकल्प: पुढच्या वर्षी तिच्यासारख्यांसाठी कार्यशाळा. केमिस्ट्रीचं बघू.

२२ एप्रिल
समावेशक प्रवेशाबद्दल विद्यापीठाचा पुरस्कार मला! भलीमोठी फ्रेम. डीनबाईंनी टाळ्या वाजवल्या. ओडेलबाईंना नेमका तेव्हाच खोकला आला.
रोझाल्बा गेली. नदीपलीकडे केंटकीतल्या एका कॉलेजने घेतलं तिला. तिथे निरीक्षणाऐवजी पगारी काम चालतं म्हणे. शिफारसपत्र ओडेलबाईंनी दिलं, मला विचारलंही नाही.
खांदा पुन्हा आखडलाय, म्हणून दुपारी क्लिनिकमध्ये गेलो. तिची जागा रिकामीच. ८८ मात्र होता, कोर्स सुरू होण्याआधी आणखी तास जमवतोय. हुशार मुलगा. चाळीस मिनिटं माझ्या खांद्याचं मन लावून निरीक्षण केलं.

संध्याकाळ
ऑफिसात फ्रेमसाठी खिळा आधीच ठोकून घेतला होता. हात कानापाशीच थांबला. तीनदा प्रयत्न केला.
फ्रेम सध्या जमिनीवर आहे.