घरोघरी पाणी असल्याचा ठराव

शिवणखांब, व्हाया वालूर
१४ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. अनुपमा हिस थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, फोनवर तू माझं वाक्य क्रियापदापर्यंत पोचू देत नाहीस.

आपल्या अंगणात सरकारी नळ उभा राहिला आहे. सांख्यांच्या पुरुषासारखा आहे तो: साक्षी, निर्विकार, काहीही न करणारा. टाकी झाली, पाइप झाले, फक्त योजनेच्या विहिरीला पाणी लागलं नाही. दुसरी विहीर पुढच्या टप्प्यात म्हणे.

पुढच्या बुधवारी तपासणीला साहेब येणार. सरपंच बन्सीधरनं बैठक घेतली. पाहुणा दारात आला की आधी गूळ-पाणी, मग गाव-नाव, ही आपली रीत. पाहुण्यानं तोटी फिरवावी आणि आतून फुस्स हवा यावी, हे गावाला सहन होईना. मीही आतिथ्यधर्मावर दहा मिनिटं बोललो, संस्कृत आधारांसह. फळ असं की गावच्याच जुन्या विहिरीचे बारा टँकर टाकीत ओतायचे आणि त्या दिवशी सगळे नळ चालवायचे. घरोघरी नियमित पाणी मिळतं, असा ठरावही मीच लिहिला. सूचक म्हणून पहिली सही माझी. प्रमाणपत्र मिळालं की पुढचा टप्पा आपोआप मंजूर होतो, असं बन्सीधर सांगतो.

आता आईचं. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून तिला ओढ्याकडं जाणं जमत नाही. घरातल्या संडासाला दरवेळी बादलीभर पाणी लागतं, म्हणून तीन वर्षं मी त्यात म्हशीच्या कुट्टीची पोती ठेवत होतो. आता पाणी येणारच, म्हणून काल ती काढली, फरशी घासली. तेव्हा शिवरात्रीनंतर तिला लातूरला न्यायचा तुझा बेत रद्द समज. तिला इथंच राहायचं आहे. आणि खरं सांगायचं तर तुझी वहिनी गेल्यापासून रिकाम्या घराची मला भीती वाटते.

दाजींना शरणार्थ. लोभ आहेच, त्याला टँकर लागत नाही.

तुझा,
महारुद्र


लातूर
२ मार्च २०२४

ती. दादास अनुपमाचे शरणार्थ, वि. वि.

पत्र वाचून हे हसले. मी हसले नाही. पाहुण्यापुढं अब्रू राखायला शेजारणीकडून साखर आणतात, हे मला कळतं. पण घरात साखरेची पोती आहेत, असं त्याच पाहुण्याला लिहून कोण देतं? दवाखान्यात जाऊन प्रकृती ठणठणीत आहे म्हणायचं आणि मग औषधाची वाट बघत बसायचं, हा विद्वानपणा आपल्याच गावाला सुचावा. आम्ही लातूरकर एका उन्हाळ्यात रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलोय, दादा. आधी बोंब मारली, मग रेल्वे आली.

निदान उन्हाळ्यापुरतं आईला पाठव. फोनवर म्हणाली, महारुद्रनं संडास धुऊन दिलाय, आता मी कशाला हलू. तुझा शब्द ती प्रमाण मानते. मला काळजी वाटते ती त्याचीच.

कळावे. रागावलास तर रागानंच, पण पत्र लिही.

तुझी,
अनुपमा


शिवणखांब
१९ एप्रिल २०२४

चि. सौ. अनुपमास आशीर्वाद, वि. वि.

तू जिंकलीस. बक्षीस मागू नकोस.

त्या बुधवारी नळ दोन तास चालले. साहेबांनी फोटो काढले, फेटे बांधून घेतले. गुरुवारपासून नळ पुन्हा समाधीत. औंदा पाऊस कमी, त्यात बारा टँकर उपसलेले. आपली विहीर परत भरलीच नाही. मार्चात तिचा तळ दिसला.

गेल्या आठवड्यात टँकरचा अर्ज घेऊन तालुक्याला गेलो. कारकुनानं संगणकात गावाचं नाव घातलं आणि पडदा माझ्याकडं फिरवला. घरोघरी नळाचं पाणी असलेल्या गावाला टँकर देता येत नाही. खाली ठरावाची प्रत, माझी सही. अक्षर सुरेख आलं होतं. मी म्हणालो, ते एका दिवसाचं पाणी होतं. माणूस सज्जन, त्यानं नम्रपणे विचारलं की गुरुजी, तेव्हा खोटं लिहिलंत की आता खोटं बोलताय. आमच्या शास्त्रात याला उभयतःपाशा रज्जू म्हणतात. दोन्ही टोकांना फास असलेली दोरी. वर्गात शिकवताना उदाहरण सापडायचं नाही, आता सापडलं.

शेजारच्या सरजाबाईच्या बोअरवरून घराला दिवसाला चार घागरी मिळतात. पूजा, स्वयंपाक, प्यायचं आणि म्हैस. आईची तक्रार नाही. उन्हाळ्यात तहान मंदावते म्हणते. लिंगपूजेनंतरचं तीर्थ तेवढं घेते. जेवण अर्ध्या भाकरीवर आलंय. वयोमान.

पंचवीस-सव्वीसला माझी निवडणुकीची ड्युटी आहे. सरजाबाई आईजवळ राहील.

टोमणे मारायचे असतील तर हप्त्यानं मार.

तुझा,
महारुद्र


लातूर
३ मे २०२४

ती. दादास शरणार्थ.

तू मतदानकेंद्रावर असताना सरजाबाईचा फोन आला आणि मी गाडी करून आईला इथल्या दवाखान्यात आणलं, हे तुला माहीत आहे. परवा तू काचेतून तिला बघून गेलास. तेव्हा माझ्या तोंडून निघालं नाही ते लिहिते.

संसर्ग लघवीवाटे वर चढला, दोन्ही मूत्रपिंडं थकली आहेत, असं डॉक्टर म्हणाले. दिवसाला पाणी किती पिता, असं त्यांनी विचारलं. आईनं तोंड भिंतीकडं वळवलं. मग मी सरजाबाईला फोन लावला. विहीर आटल्यापासून आई सकाळच्या तीर्थाशिवाय पाणी तोंडाला लावत नव्हती. प्यायलं की जावं लागतं. जायचं तर बादलीभर पाणी संपतं, नाहीतर कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून ओढा गाठावा लागतो. त्यापेक्षा न पिणं सोपं.

दादाला का सांगितलं नाहीस, म्हणून मी तिच्यावर चिडले. ती म्हणाली, "माझ्या लेकानं सही करून लिहून दिलंय, घरात पाणी हाय म्हणून. मी न्हाई म्हणलं आसतं, तर त्यो खोटा पडला आसता."

मी तुला दोष देत नाही, असं पुढं लिहिणार होते. पण आपल्या घरात आता खोटं काही लिहून द्यायचं नाही.

येत जा. ती वाट बघते.

अनुपमा


शिवणखांब
१२ जून २०२४

चि. अनुपमास आशीर्वाद.

काल ग्रामसभा झाली. फेब्रुवारीचा ठराव रद्द करावा, गावाला पाणी नाही, असा ठराव मी मांडला. अनुमोदक मिळेना. बन्सीधर वाईट माणूस नाही. पुढच्या महिन्यात गावाला स्वच्छतेची ढाल मिळायची आहे, तोवर दम धरा म्हणाला. एकजण म्हणाला, मिरग बरसलाय, आता कोरडं कुठं राहिलंय. दुसरा म्हणाला, गुरुजी लय शिकलेले, पण गावाला खोटं पाडायलेत. आतिथ्यधर्मावर मला केवढे आधार सापडले होते! काल एकही आठवला नाही. आईचं तेवढं सांगितलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या, पण हात वर केले नाहीत.

शेवटी सरजाबाई उठली आणि अंगठा पुढं केला. एक अंगठा, एक सही. ठराव पडला. पडल्याची नोंद मात्र मी इतिवृत्तात लिहायला लावली.

आईला इकडं पाठवू नकोस. हे लिहिताना घर किती मोठं आहे ते दिसतंय, ते असो. एक काम कर. हे पत्र तिला वाचून दाखव. महारुद्रनं लिहून दिलं होतं ते खोटं होतं, हे वाक्य दोनदा वाच. मग तिला पोटभर पाणी दे. ती प्याली का, एवढं कळव.

महारुद्र


लातूर
२० जून २०२४

ती. दादास शरणार्थ.

वाचून दाखवलं. ते वाक्य दोनदा. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, मग आता प्यायला हरकत न्हाई.

सोमवारपासून डायलिसिस सुरू झालंय. मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकता येत नाही, म्हणून डॉक्टरांनी दिवसाला तीन पेले ठरवून दिलेत. ते दुपारीच संपले होते. स्वयंपाकघरात नळ आहे, त्याला पाणी आहे, आणि मी तिला नाही म्हणाले. का, म्हणून विचारलं तिनं. मी डॉक्टरांचा कागद दाखवला.

मग तिनं रिकामा पेला खाली ठेवला. लिहून दिलंय म्हटल्यावर ती कधीच काही बोलत नाही.

रविवारी ये. माया असू दे.

अनुपमा